जुन्या सायकलीतले मूळ भाग कोणते?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर लोखंडी वस्तू फार काळ धड राहत नाही. हवेतून आलेले मीठ तिच्यावर बसते, आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली, की ते हवेतली वाफ ओढून घेऊन स्वतःच विरघळते. पावसाळ्यात ही मर्यादा नेहमीच ओलांडली जाते. म्हणजे पडवीतली सायकल पाऊस अंगावर न घेताही खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात उभी असते! तेव्हा इथल्या जुन्या सायकलीची चेन आणि चाकांच्या तारा कधी ना कधी बदललेल्या असणार, हे धरूनच चालावे. मग मूळचे उरले काय?

नावावर विसंबून चालत नाही. बीएसए ही मूळची बर्मिंगहॅमची कंपनी. पण हे नाव पुढे मद्रासजवळच्या अंबत्तूरच्या सायकलींवरही आले. रॅले नॉटिंगहॅमची, तशीच आसनसोलचीही. आपल्या कारखान्यांनी इंग्लिश मापेच उचलल्यामुळे इथला भाग तिथल्या सायकलीला बिनतक्रार बसतो. भाग नीट बसतो, म्हणून तो मूळचा, हे अनुमान त्यामुळे चुकीचे ठरते.

मात्र भाग बसत नसेल, तर त्यातून बरेच कळते. इंग्लिश सायकलीच्या पुढच्या आसाचा व्यास 5/16 इंच, म्हणजे 7.94 मिलिमीटर, आणि त्यावर इंचाला 26 आटे. दोन आट्यांतले अंतर झाले 0.977 मिलिमीटर. युरोप खंडातल्या 8 मिलिमीटरच्या आसावर ते बरोबर 1 मिलिमीटर असते. फरक फक्त 0.023 मिलिमीटरचा, पण दहा आट्यांत तो पाव मिलिमीटरच्या जवळ जातो. परका नट दोन-तीन फेरे सहज फिरतो, मग घट्ट होतो, आणि जोर लावला तर आटे कापतो. असे कापलेले आटे म्हणजे अदलाबदलीची नोंदच. वर्गात व्हर्नियर कॅलिपर असेल, तर दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागावी.

स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर तर तारीखच कोरलेली सापडते : 62 आणि 7 म्हणजे जुलै 1962. पण ही जन्मतारीख हबची. चाक सबंध बदलता येते, हे विसरू नये.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात बीएसएची घडीची सायकल आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी हा प्रकार बनवला गेला. तिला नेहमीच्या पायडलांऐवजी आत ढकलता येणारे दांडे होते. अशा सायकलीवर कुठे साधे पायडल दिसले, तर ते मागाहून आलेले समजावे. चकचकीत हँडलाचेही तसेच. युद्धकाळात क्रोमियम दुर्मिळ होते आणि चमक सैनिकाला धोक्याची. म्हणून रंगच दिला जाई. उलट 1930 पूर्वीच्या सायकलींवर सहसा निकेलचा मुलामा असे. त्याची छटा किंचित पिवळसर, तर क्रोमियमची निळसर.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा साक्षीदार गंज. निकेलच्या थरात बारीक छिद्रे असतात. निकेल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील, त्यामुळे खारे पाणी आत शिरले, की त्या छिद्राखालचे लोखंड झपाट्याने झिजते आणि ठिपक्यांसारखे खड्डे पडतात. दोन भाग वर्षानुवर्षे एकत्र राहिले असतील, तर त्यांच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंची झीज एकमेकींशी जुळते. सीटची दांडी बाहेर ओढून पाहा : नळीच्या तोंडाशी जिथे गंजाची कडा आहे, तिथेच दांडीवरही हवी. ती दोन इंच खाली-वर असेल, तर एक तर सीटची उंची बदलली, नाही तर दांडी दुसऱ्या सायकलीची.

नेमका हाच पुरावा हौशी दुरुस्तीत जातो. पॉलिश पेपरने घासून नवा मुलामा दिला, की खड्डे, कडा, जुन्या रंगाचे थर सगळे एकदमच नाहीसे होते. किनाऱ्यावर तर गंज थांबवायलाच हवा. पण त्यासाठी आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे, भाग पूर्ण वाळवावेत आणि पातळ तेलाचा हात फिरवावा. सुटे करण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घ्यावे, आणि काढलेले जुने नट चिठ्ठी बांधून डब्यात ठेवावेत.