मराठी ताटाचा प्रवास : सह्याद्रीपासून गोमतीपर्यंत

मनुष्य देशांतर करतो तेव्हा पेटीत बसते तेवढे सामान घेऊन निघतो. परंतु जिभेची सवय त्याच्यासोबत आपोआप येते. परप्रांतातील मराठी मंडळांचे इतिहास पाहिले तर नाटक, गणेशोत्सव व ग्रंथालय यांची नोंद सविस्तर आढळते. घरोघरच्या रोजच्या ताटाची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही. वस्तुतः कुटुंबाचे आरोग्य ठरते ते याच ताटावर. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या उपेक्षित इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटले.

गंगा-गोमतीच्या प्रदेशात मराठी स्वयंपाक आजकाल आलेला नाही. 1818 साली राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव पेशवे कानपूरजवळील ब्रह्मावर्त येथे येऊन राहिले आणि त्यांच्यामागून आश्रितांचा मोठा परिवारही आला. काशी व झाशी येथे मराठी कुटुंबे त्यापूर्वीपासून होतीच. लखनौपुरते बोलावयाचे तर 1926 साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने येथे मॅरिस कॉलेज ही संगीतशाळा निघाली. पुढे डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तिची धुरा दीर्घकाळ वाहिली. स्वातंत्र्यानंतर 1951 साली केंद्रीय औषधी संशोधन संस्था छत्तर मंझिलच्या वास्तूत सुरू झाली, 1957 साली रेल्वेची अभिकल्प व मानक संघटना स्थापन झाली, आणि शास्त्रज्ञ, अभियंते व कारकून यांच्या रूपाने मराठी घरे या शहरात वाढत गेली.

या घरांतील गृहिणींपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो ज्वारीचा. येथील बाजार गव्हाचा आणि तांदळाचा. गावाहून येणारे पाहुणे ज्वारीचे पीठ आणीत; परंतु ते जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरा पडतात आणि ती तव्यावर मोडते. हळूहळू भाकरी सणासुदीपुरती उरली व तिन्ही त्रिकाळ पोळी आली. स्वयंपाकाचे पुस्तक हाताशी असून हा प्रश्न सुटणारा नव्हता. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ 1910 साली प्रसिद्ध झाले होते आणि 1970 साली आलेले कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ नव्या संसारांचे मार्गदर्शक ठरले. पुस्तकाने कृती मिळते. धान्य मात्र बाजारातच मिळावे लागते.

हा बदल केवळ परप्रांतात झाला असे मात्र नाही. महाराष्ट्रातही शिधापत्रिकेवरील गहू, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो आणि 1972 च्या दुष्काळातील सुकडी ज्यांनी पाहिली, त्यांना ताट कसे बदलते हे सांगावयास नको. हरितक्रांतीनंतर गहू-तांदूळ मुबलक झाले व उपासमारीचे संकट टळले, हे उपकार मोठेच आहेत. परंतु त्याच काळात ज्वारी-बाजरी ‘गरिबाचे अन्न’ म्हणून मागे पडली.

येथे एका जुन्या प्रयोगाची आठवण देणे उचित होईल. दक्षिणेत कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांची आहार-संशोधनशाळा होती. हीच संस्था 1958 साली हैदराबादेस गेली आणि 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसन यांनी सारख्या वयाच्या व वजनाच्या उंदरांचे गट करून प्रत्येक गटास भारतातील एकेका समाजाचा आहार दिला. वाढीच्या दृष्टीने शीख आहार पहिला ठरला, पठाणी दुसरा आणि मराठी आहार त्यांच्या पाठोपाठ तिसरा आला. सडलेल्या तांदळावर मुख्य भिस्त असणारा व दूध कमी असलेला मद्रासी आहार शेवटी राहिला. अखंड धान्य, डाळ, पालेभाजी व दूध यांचा मेळ हेच उत्तम आहाराचे रहस्य होते. यात कोणा समाजाच्या थोरवीचा प्रश्न नाही. घटक बदलले की क्रमही बदलणार. म्हणजेच आपले पूर्वज तिसऱ्या क्रमांकाचे ताट जेवत होते म्हणून आपणही तेच जेवतो, असे समजण्याचे कारण नाही.

जुन्या मराठी ताटाची मांडणीच पाहा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर. उजवीकडे भाजी व आमटी. मध्ये भाकरी अथवा भात आणि शेवटी ताक. ही केवळ वाढपाची रीत नव्हे. डावी बाजू कच्च्या भाजीची, तीळ-जवस-कारळ्यांची. उजवी बाजू डाळीची व शिजवलेल्या भाजीची. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी व हरभरा, वाटाणा, गाजर, वांगे यांची मिसळलेली भाजी ही थंडीच्या ऋतूला अनुरूप अशीच योजना होती. परप्रांतात येऊन आपण पुरणपोळी, श्रीखंड व चकली ही सणाची बाजू जिवापाड जपली. गळाली ती रोजची डावी बाजू. ‘मराठी पदार्थ’ जपले आणि मराठी जेवण मात्र विसरत चाललो, असा हा व्यवहार आहे.

उपवासाचेही तसेच. ज्या साबुदाण्याच्या खिचडीवाचून आपली एकादशी होत नाही, तिच्यातील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, मिरची व बटाटा हे सारे मूळचे अमेरिका खंडातले, म्हणजे आपल्याकडे गेल्या काही शतकांत आलेले. परंपरा म्हणजे न बदलणारी वस्तू नव्हे, हे यावरून दिसते. तिच्यात पचनास जड ते शिरू शकते, तसे हितकारकही शिरू शकते. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच आजीबाईंनी केली आहे.

आता आजच्या स्थितीकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा 2023 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, शेकडा 26.4, तर उत्तर प्रदेशात सर्वांत कमी, शेकडा 4.8 आढळले. हे वाचून येथील रहिवाशांनी निश्चिंत होऊ नये. कारण याच प्रदेशात मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक शेकडा 18 आहेत. दिवसभर खुर्चीवर बसून फायली हाताळणाऱ्या आमच्यासारख्या नोकरदार वर्गाने हा उंबरठा विशेष लक्षात ठेवावा. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या उष्मांकांपैकी शेकडा 45 हून अधिक भाग धान्याचा नसावा. आपल्याकडे तो शेकडा 50 ते 70 असतो. दोन हजार उष्मांकांच्या आहारात 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, सुमारे 85 ग्रॅम डाळी व 300 मिलिलिटर दूध वा दही असावे, असे ही संस्था सांगते. आपल्या डाव्या-उजव्या बाजूंचाच हा हिशेब नव्हे काय?

ही बाजू भरून काढण्यास पुष्पक एक्सप्रेसने येणाऱ्या पिशवीची वाट पाहण्याचे कारण नाही. बाजरी पिकविणाऱ्या राज्यांत उत्तर प्रदेश अग्रभागी आहे आणि बुंदेलखंडात ज्वारी होते. चक्कीवाल्याकडून थोडथोडे ताजे दळून आणले तर पिठाची विरीही टिकते. थंडीत येथे ढिगाने मिळणारा बथुआ म्हणजे आपला चाकवतच. ताकातली पातळ भाजी त्याची उत्तम होते. चौलाई म्हणजे माठ, कुलफा म्हणजे घोळ, कुंदरू म्हणजे तोंडली, अरहर म्हणजे तूर. उपवासास साबुदाण्याऐवजी भगरीच्या जातकुळीचा समा घेता येतो. अवधी घरांतील हिरव्या वाटाण्याचा निमोना, भाज्या घातलेली तहरी आणि उन्हाळ्यातील सत्तू हे पदार्थ आपल्या ताटात सुखाने बसतात. मलिहाबादचा दसहरी आंबा तर आम्रप्रेमी कोकणी माणसासही जिंकून घेतो. मात्र तो जेवणानंतर मनसोक्त खाण्याऐवजी फळ म्हणून मोजून खावा, एवढेच. शीरमाल, कबाब, खस्ता कचोरी व हिवाळ्यातील मक्खन मलाई हे या नगरीचे वैभव आहे. त्यांचा आस्वाद अवश्य घ्यावा, पण सणाच्या पंगतीस शोभणारे पदार्थ रोजच्या ताटात आणू नयेत.

मंडळानेही या कामी पुढाकार घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. गणेशोत्सवाच्या महाप्रसादात एक कोशिंबीर व एक पालेभाजी आवर्जून असावी; संक्रांतीच्या हळदीकुंकवास प्लास्टिकच्या डब्यांऐवजी तीळ, जवस वा बाजरीचे वाण द्यावे; आणि ज्येष्ठ भगिनींनी नव्या सुनांना व तितक्याच आवर्जून मुलग्यांना भाकरी थापावयास शिकवावी. येथे जन्मलेल्या आपल्या मुलांची मराठी थोडी अडखळते म्हणून आपण चिंता करतो, आणि ती रास्त आहे. परंतु चाळिशीत औषधाची गोळी घेऊन जेवावयास बसण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये, याची चिंता त्याहून निकडीची आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभे केले, त्यांनी परक्या नगरीत आपल्या माणसांची पंगत मांडली. त्या पंगतीतील पाने उद्याही भरलेली राहावीत आणि त्यांवर बसणारे निरोगी असावेत, हीच या मंगल प्रसंगी आमची प्रार्थना.