स्तनकर्करोगाची शस्त्रक्रिया आणि अन्नसहनशीलतेतील बदल : खंडाळा-मावळ परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
आजारातून उठलेल्या व्यक्तीने हवापालटासाठी घाटमाथ्यावर जावे, हा संकेत मुंबई इलाख्यात रूढ होता. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि खंडाळा मुंबईच्या आवाक्यात आले. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी शेजारच्या लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. अशा रीतीने कर्करोगाच्या उपचाराचे केंद्र आणि विश्रांतीचे ठिकाण एकाच लोहमार्गावर आले. मात्र घरी परतलेल्या स्त्रीला अन्न का सोसत नाही, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक पद्धतीने विचार केला आहे.

शस्त्रक्रियेचे बदलते स्वरूप :
अमेरिकन शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्तन, छातीचे स्नायू व काखेतील गाठी काढल्या जात. जखम मोठी असे. परंतु पचनमार्गाला धक्का लागत नसे. भुलीमुळे होणारी मळमळ साधारणतः एक-दोन दिवसांत ओसरते. १९८५ मध्ये फिशर यांच्या अभ्यासाने, योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास जगण्याचे प्रमाण कमी होत नाही, हे दाखविले. शस्त्रक्रिया लहान होत गेली. अन्न न सोसण्याची तक्रार मात्र संपली नाही.

औषधोपचार व अन्न :
याचे मुख्य कारण शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांत आढळते. १९७६ मध्ये इटलीतील बोनाडोना यांनी सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट व फ्लुरोयुरॅसिल यांच्या एकत्रित उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशी औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि जिभेवरील रुचिपेशी याच प्रकारच्या असल्याने तोंड येते, चहा कडवट किंवा धातूसारखा लागतो. काहींना दूधही काही काळ पचत नाही. अशा वेळी लोणावळ्याची चिक्की चावणे तर दूरच, साधी आमटीही तोंडाला झोंबते.

यात मनाचाही भाग असतो. १९७८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आयलीन बर्नस्टाइन यांनी कर्करोगग्रस्त मुलांच्या अभ्यासात, औषधापूर्वी खाल्लेल्या पदार्थाचा पुढे तिटकारा निर्माण होतो, असे दाखविले. म्हणून औषधाच्या दिवशी आवडीचा पदार्थ आग्रहाने खाऊ घालणे इष्ट नव्हे.

पथ्याची परंपरा :
डाळीने जखमेत पू होतो, आंबटाने ती चिघळते, अंडे उष्ण पडते, अशा समजुती आपल्याकडे प्रचलित आहेत. त्यांमुळे जखम भरण्यास आवश्यक असलेली प्रथिनेच ताटातून वगळली जातात. उलट मावळच्या इंद्रायणी तांदळाचा मऊ भात, मुगाचे कढण, नाचणीची पेज हे परंपरेतील पदार्थ दुखऱ्या तोंडालाही सोसण्याजोगे आहेत. पांढऱ्या पेशी कमी झाल्या असता उघड्यावरचे व कच्चे अन्न टाळणे, हे पथ्य मात्र आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
अन्न न सोसण्याचे मुख्य कारण शस्त्रक्रियेकडून औषधांकडे सरकले. घरातील पथ्य मात्र जखमेभोवतीच राहिले. स्त्रीचे न जेवणे हा हट्ट किंवा नखरा मानला गेल्यास तिचे कुपोषण दुर्लक्षित राहते. म्हणून पथ्य ठरविताना वैद्यकीय सल्ल्याबरोबर तिच्या जिभेचा अनुभवही प्रमाण मानला पाहिजे.