लदेणीची वाट

वाशीम जिल्ह्याच्या नकाशावर ही वाट कोठेही आखलेली नाही. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या परिसरात डांबरी सडक सोडून बरडावर चढावे, पळस-बोरींच्या झुडपांतून चालू लागावे आणि एखाद्या जाणत्या माणसाने हात करून दाखवावे, तेव्हाच ती दिसते. दिसते म्हणण्यापेक्षा, ती होती हे पटते. चैत्रातल्या एका सकाळी आम्ही काही मंडळी तेथे गेलो. सोबतीला जवळच्या तांड्यातील एक निवृत्त शिक्षक होते. "फादर, वाट जमिनीवर शोधू नका," ते म्हणाले, "पाणी कोठे आहे ते पाहा. हजारो बैलांना पुरेल एवढे पाणी जेथे, तेथेच तांडा उतरणार." तेव्हा आम्ही पायाखाली पाहणे सोडले व ओढे, झरे, डोह पाहू लागलो. अरुणावतीच्या खोऱ्यात तांड्यांची वस्ती एवढी दाट का, हेही मग उमगू लागले.

ही वाट लमाणांची, म्हणजेच बंजाऱ्यांची. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुखामुलुखांतून मालाची ने-आण करणे, याला त्यांच्या गोरबोलीत लदेणी म्हणतात. समुद्रकाठचे मीठ आत आणायचे, आतले धान्य व कापूस बाहेर न्यायचा, हा तिचा मुख्य व्यवहार. आमच्या वसईकर वाचकांना मिठागरे नवी नाहीत. पण किनाऱ्यावरचे मीठ पूर्वी घाट चढून वऱ्हाडातल्या भाकरीपर्यंत कसे पोहोचे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

हा व्यवहार केवढा होता याची साक्ष परदेशी प्रवाशांनी दिली आहे. पीटर मंडी हा इंग्रज १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जात असता त्याला वाटेत चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांविषयी लिहितो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर गाडीवाल्यांना तो सरेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबावे लागे. प्रवाशांना आकडे फुगवण्याची खोड असते, हे खरे. परंतु एकमेकांशी संबंध नसलेले दोघे जण जवळपास सारखेच सांगतात, तेव्हा ते मानण्यास हरकत नसावी.

वाटेच्या उत्तरेस कारंजा. आज लाडांचे कारंजे म्हणून ओळखले जाणारे हे गाव त्या काळी वऱ्हाडातील श्रीमंत पेठ होते. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने ते लुटले, तेव्हा लूट वाहून नेण्यास चार हजार बैल व गाढवे लागली, असे इतिहासकार सांगतात. वऱ्हाडचा कापूसही पुढे बैलांच्याच पाठीवरून पाचशे मैलांवरील मिर्झापूरला, गंगेच्या काठी जाई.

सैन्यांना तर लमाणांवाचून पाऊल टाकणे कठीण. १६३० च्या सुमारास शाहजहानचा वजीर आसफखान दक्षिणेत उतरला, तेव्हा त्याच्या फौजेला भंगी व जंगी या नायकांच्या एक लाख ऐंशी हजार बैलांनी रसद पुरवली, अशी परंपरा आहे. त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला म्हणतात : घरोघरच्या रांजणातले पाणी व छपराचे गवत घेण्याची मुभा, आणि दिवसाला तीन खून माफ! आकड्याची व खुनांची गोष्ट ज्याची त्याने पारखून घ्यावी. ही परंपरा टिपून ठेवणारा कंबरलेज हा वऱ्हाडातील पोलीस अधिकारी होता, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे. १८०३ साली आर्थर वेलस्लीने याच वऱ्हाडात अडगाव व गाविलगड जिंकले, तेही लमाणांनी आणलेल्या धान्याच्या बळावर.

लमाणांचे संत सेवालाल महाराज (१७३९–१८०६) लदेणी करणाऱ्या घराण्यातीलच. त्यांची समाधी पोहरादेवीस आहे. तांड्यात एक बैल देवाला सोडलेला असे; त्याच्या पाठीवर कधी ओझे लादत नसत. ज्यांचे पोट ओझ्यावर चालते त्यांनी एक पाठ मोकळी ठेवावी, ही गोष्ट आम्हांला त्या ताम्रपटाहून मोलाची वाटली.

१८६७ साली मुंबईची आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. बैल महिनाभर चाले ती मजल आगगाडी एक-दोन दिवसांत गाठू लागली, आणि लदेणी बसली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी छोटी गाडी कारंज्यावरूनही धावू लागली. (वऱ्हाडची ही लाडकी 'शकुंतला'ही आता बंद आहे.) आगगाडीचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर जे घडले ते आगगाडीने केले नाही. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढे देशाच्या अनेक भागांत बंजाऱ्यांना त्यात गोवले. ज्यांच्या चालण्यावर फौजा जगल्या, त्यांचे चालणेच संशयास्पद ठरले. नाव नोंदवा, पोलिसांत हजेरी द्या, परवानगीवाचून गाव सोडू नका! कंबरलेजसारख्या पोलीस अधिकाऱ्याला लमाणांच्या कुळांची माहिती का हवी होती, हे येथे कळते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणजे ज्यांच्या आजोबांनी हजेरी दिली, अशी माणसे आजही तांड्यांत भेटतील.

माळाच्या टोकाला उभे राहून शिक्षकांनी दक्षिणेकडे बोट केले. तिकडे पैनगंगा, तिच्यापलीकडे पूर्वी निजामाचा मुलूख. लदेणीला ती सीमा नव्हती. पुढच्या कारभाराने मात्र सीमा आखल्या. एकच गोरबोली बोलणारा, एकाच सेवालालांना मानणारा हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत. "आमची एक बहीण आदिलाबादला दिली आहे," शिक्षक म्हणाले. "तिची मुले एका रकान्यात, माझी दुसऱ्या." त्यांच्या बोलण्यात तक्रार होती की नुसती नवलाई, ते आम्हांला कळले नाही. आम्ही विचारलेही नाही.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीस पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा वारसा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराची ती चार मजली इमारत दुरूनही नजरेत भरते. तिच्यात जुन्या चालीरीती पाहायला मिळतात. वाट मात्र बाहेर, बरडावर आहे. रामनवमीच्या यात्रेला तिन्ही राज्यांतून भाविक येथे येतात. आता ते जीपने, बसने येतात, आणि उतरल्यावर पाणी कोठे आहे ते आधी विचारतात.