नो-लिमिट होल्डेम : छोट्या रकमेच्या रोख डावांतील खेळनीती

टेक्सस होल्डेम या पोकरप्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात, मधली पाच उघडी पाने सर्वांची असतात. ‘नो-लिमिट’ म्हणजे समोरची सगळी रक्कम कधीही लावण्याची मुभा. रोख डावात चिप म्हणजे पैसाच, आणि खेळाडू केव्हाही उठू शकतो. लास व्हेगासमधील १ व २ डॉलर ब्लाइंडची (पाने वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमांची; लहान ती ‘स्मॉल ब्लाइंड’) टेबले हे याचे परिचित उदाहरण. अशा टेबलांवरची नीती मुख्यतः एका गोष्टीवर उभी असते : येथे बहुतेकांना पाने टाकून माघार घेणे जिवावर येते. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, १०० असताना शेवटच्या पानावर १०० चा ब्लफ केला, म्हणजे कच्च्या पानांवर समोरच्याला घाबरवायला रक्कम लावली, तर समोरच्याने निम्म्याहून अधिक वेळा माघार घेतली तरच तो फायद्याचा ठरतो. ५० लावले, तर एक-तृतीयांशाहून अधिक वेळा. मधल्या जोडीवर शेवटपर्यंत कॉल करणाऱ्यापुढे, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम लावून टिकून राहणाऱ्यापुढे, ही अट क्वचितच पुरी होते. म्हणून ब्लफ आवरावा आणि भक्कम पानांवर मोठी रक्कम लावावी. याच मंडळींपैकी कोणी शेवटी अचानक मोठा रेझ केला, म्हणजे लावलेली रक्कम वाढवली, तर मात्र एका जोडीचा मोह सोडावा.

कोणी माघारच घेत नसेल तर चांगली पानेही हरतात, ही तक्रार नेहमीची. ती अर्धीच खरी आहे. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, चौघांविरुद्ध जेमतेम ५६ टक्के. पण पाच जणांच्या पॉटमध्ये स्वतःचा हिस्सा २० टक्केच असतो. हार वाढते, तशी कमाईही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ या संगणकप्रणालीने सहा जणांच्या होल्डेममध्ये व्यावसायिकांवर मात केली, तीही कोणाच्या सवयींनुसार खेळ न बदलता. मग असा समतोल, समोर कोणीही असला तरी न बदलणारा खेळच का नको? कारण कसलेल्यांपुढे टिकणे आणि चुकणाऱ्याकडून जास्तीत जास्त मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. समतोल खेळात ब्लफचे ठरावीक प्रमाण येतेच, आणि कॉल करण्याची हौस असलेल्यापुढे ते पैसे वाया जातात. माघार घेणारा कोणी बसला, तर त्याच्यापुरता हिशोब अर्थातच उलटतो.

शिवाय कॅसिनो पॉटमधून ‘रेक’ कापतो. त्याला बहुधा कमाल मर्यादा असते, त्यामुळे लहान पॉटवर त्याचा भार प्रमाणाने जास्त. स्मॉल ब्लाइंडवरून नुसता कॉल करून कच्च्या पानांनी पॉटमध्ये शिरणे येथे म्हणूनच महागात पडते.