कार्यप्रणालींची स्थित्यंतरे आणि मराठी संगणकीय साधने

राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाजवळ वसलेले म्हसळा हे गाव १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. पुढे ते कुलाबा जिल्ह्यात आले व १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. सत्ता बदलली, दप्तराची लिपीही मोडीहून बाळबोध झाली. तथापि गावाचे नाव कागदावर अबाधित राहिले. जुना लेख नव्या लिपीत उतरविणारा कारकून अक्षर ओळखत होता, हे त्याचे कारण होय. संगणकाच्या युगात अक्षर आणि वाचक यांच्यामध्ये कळफलक, टंक व आज्ञावली रचण्याची साधने उभी राहिली, आणि ही सर्व साधने कार्यप्रणालीवर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून असतात. ती बदलली की साधने निकामी होतात. अशा प्रत्येक बदलात कोणते मराठी लेखन टिकले व कोणते अडकले, हे पाहणे उद्बोधक आहे.

भारतीय लिपींच्या संगणकीकरणाचे आरंभीचे प्रयत्न कानपूरच्या आय. आय. टी.त झाले. १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकने ते 'जिस्ट' या नावाने पुढे नेले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाण ठरविली. तिच्यात अक्षराचा आकार न नोंदता अक्षरच नोंदले जाई. म्हसळा या नावात म, हलन्तचिन्ह, ह, स, ळ व काना अशी सहा चिन्हे येतात. इस्कीत त्यांना सहा बाइट पुरत. 'डॉस' या कार्यप्रणालीत संगणकात बसविलेले जिस्ट कार्ड या संकेतांवरून पडद्यावर जोडाक्षर घडवी. त्यामुळे डीबेससारख्या इंग्रजीसाठी रचलेल्या साधनांतही मराठी नोंदी ठेवता येत. त्या साधनास देवनागरीचे ज्ञान असण्याचे प्रयोजनच नव्हते.

१९९० नंतरच्या दशकात 'विंडोज'चा प्रसार झाला. पडद्यावरील अक्षररेखनाचा ताबा आता कार्यप्रणालीकडे गेला आणि कार्डाचे कार्य संपुष्टात आले. परंतु या नव्या कार्यप्रणालीस देवनागरी येत नव्हती. यावर उपाय म्हणून रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले टंक निघाले. मुद्रणव्यवसायास त्यांचा मोठाच आधार झाला, यात संशय नाही. मात्र पुष्कळशा टंकांत अर्धा म आणि उभा दंड असे दोन तुकडे मिळून म होई. तोच दंड अन्यत्र काना म्हणून योजला जाई. ऱ्हस्व वेलांटी उच्चारक्रम सोडून व्यंजनाआधी नोंदली जाई. प्रत्येक उत्पादकाची मांडणीही निराळी असे. सारांश, संचिकेत अक्षर उरले नाही, केवळ आकार उरला. आणि तो टंक नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपाने दिसू लागला.

२००० साली आलेल्या 'विंडोज २०००' मध्ये देवनागरी युनिकोडची सोय अंगभूत होती. तिच्यासोबतचा 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी यांनी घडविला होता. अडचण मात्र येथेच तीव्र झाली. १९९८ चे 'व्हिज्युअल बेसिक ६' हे आज्ञावली रचण्याचे लोकप्रिय साधन पडद्यावरील चौकटींसाठी आणि आज्ञावलीचा मजकूर जतन करण्यासाठी कार्यप्रणालीच्या जुन्या २५६ चिन्हांच्या सारणीवर विसंबून होते. अशा सारण्यांत देवनागरीस स्थान नव्हते. परिणामी मराठी शब्दाऐवजी प्रश्नचिन्हांची ओळ उमटे. पुढे विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांनी १६ बिटी आज्ञावली चालविणे बंद केले, आणि 'क्लिपर'सारख्या साधनांनी डॉससाठी रचलेल्या आज्ञावलींचा मार्ग खुंटला.

या इतिहासातील लक्षणीय गोष्ट अशी की, जुने लेखन नव्यापेक्षा अधिक सुलभतेने वाचले. जिस्ट कार्ड नाहीसे झाले, डॉस मागे पडले. तरी इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये बहुतांशी सरळ उतरविता येतो. युनिकोडचा देवनागरी विभाग मुळात इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेला आहे, आणि विंडोजमध्येही देवनागरी इस्कीची ५७००२ क्रमांकाची परिवर्तनसारणी आहे. याउलट, नंतरच्या काळात टंकांच्या आकारांत साठविलेल्या मजकुराला प्रत्येक टंकासाठी वेगळी सारणी लागते व चिन्हांचा क्रमही पुन्हा लावावा लागतो. तेव्हा लेखनाचे आयुष्य साधनाच्या नवेपणावर अवलंबून नसून, त्या साधनाने नेमके काय नोंदले यावर अवलंबून असते.

युनिकोडमुळे प्रश्न कायमचा मिटला, असेही नव्हे. इस्कीतील सहा बाइटचे म्हसळा यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचे होते. दहा बाइटचा जुना रकाना तसाच ठेवल्यास 'म्ह' एवढेच पूर्ण उरते व पुढील अक्षर मध्येच तुटते. 'किनाऱ्यावर' या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी नोंदता येतो. त्यांपैकी एक रीत १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी जपलेली आहे. दोन्ही शब्द पडद्यावर सारखेच दिसतात, पण साधा शोध घेणाऱ्या साधनास ते भिन्न वाटतात. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वीच्या टंकांत त्याच्या जागी रिकामी चौकट उमटे. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडात आली. तिच्या प्रत्येक चिन्हास यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात, तर 'मायएसक्यूएल'च्या मूळच्या 'यूटीएफ८' प्रकारात तिनांपुरतीच जागा होती. चार बाइटचा प्रकार त्यात २०१० मध्ये आला. कोकणच्या मोडी दप्तरांची सूची मूळ लिपीत करू इच्छिणाऱ्याने हा भेद प्रथमच जाणणे आवश्यक आहे.

जमिनीच्या उताऱ्यावरील नाव एका अक्षराने बदलले, तर वारसास आपला हक्क सिद्ध करण्यासाठी खेटे घालावे लागतात. म्हणून जुन्या संचिकेबरोबर ती कोणत्या संकेतप्रणालीत, कोणत्या टंकात व कोणत्या साधनाने निर्माण झाली, याची नोंद जपणे हे अभिलेखपालाचे कर्तव्य ठरते. कागदाच्या दप्तरात लिपी डोळ्यांना दिसते. संगणकाच्या दप्तरात ती सांगून ठेवावी लागते.