मत्स्यालयाची गाळणी

मोठ्या मत्स्यालयाच्या कांचेपलीकडे संथपणें फिरणारे मासे पाहतांना प्रेक्षकाचें लक्ष त्यांच्या रंगांकडे आणि डौलाकडे लागतें. हौदाच्या मागील अंधाऱ्या खोलींत रात्रंदिवस चाललेल्या पंपाकडे, किंवा वाळूखड्यांनीं भरलेल्या पेट्यांकडे कोणी पाहत नाहीं. परंतु त्या माशांचें जीवित त्या पेट्यांवर अवलंबून असतें. पाणी आरशासारखें निर्मळ दिसत असतांही त्यांतील मासे एकाएकीं मरून तरंगूं लागतात, असा अनुभव मत्स्यपालकांस वारंवार आलेला आहे. या मृत्यूचें कारण उमगण्यास बराच काळ लागला. आणि त्या शोधाच्या इतिहासांत एका पित्याचा व त्याच्या पुत्राचा मोठा वांटा आहे.

पिता रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडन येथील औषधव्यावसायिकांच्या एका जुन्या संस्थेंत रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९ सालीं त्यांनीं एका कांचपात्रांत झऱ्याचें पाणी, थोडी वाळू व चिखल घालून त्यांत दोन लहान सोनेरी मासे सोडले आणि एक पाणवनस्पति लावली. सूर्यप्रकाशांत वनस्पति प्राणवायु सोडतात, हें तोंपर्यंत ज्ञात झालेलेंच होतें. परंतु कांहीं दिवसांनीं वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां वॉरिंग्टन यांनीं त्यांत तळ्यांतल्या गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनीं कुजलेलीं पानें खाल्लीं, त्यांचीं अंडीं माशांस भक्ष्य झालीं, आणि पाणी पुन्हां निवळलें. प्राणी व वनस्पति यांचा असा परस्परांशीं समतोल साधतो, हें त्यांनीं १८५० सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडलें.

ही कल्पना लोकांस फार आवडली. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. पुढील वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला आणि सुखवस्तु घरांच्या दिवाणखान्यांत कांचेच्या पेट्या दिसूं लागल्या. पण दोन माशांना जें पुरलें तें दोनशें माशांना पुरेना. यांत भूमितीचाही एक अडसर होता. हौदाची लांबी, रुंदी व खोली हीं तिन्ही दुप्पट केलीं तर पाणी आठपट होतें. परंतु जेथून हवा शिरते तो पृष्ठभाग चौपटच वाढतो. म्हणून मोठ्या हौदांतील पाणी स्वस्थ ठेवून चालत नाहीं. तें खेळतें ठेवावें लागतें.

ही गोष्ट विल्यम ॲल्फर्ड लॉइड या मूळच्या पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थांनीं ओळखली. हँबुर्ग येथें १८६४ सालीं आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं त्यांनीं उभारलेल्या मत्स्यालयांत दर्शनी हौदांखेरीज एक प्रशस्त, अंधारी टांकी होती. पंपानें पाणी त्या टांकींतून हौदांत जाई व परत टांकींत येई. अंधारामुळें शेवाळ माजत नसे आणि पाणी थंड राही. तें पाणी मुख्यत्वें समुद्राचें होतें. परंतु तत्त्व गोड्या पाण्यासही तितकेंच लागू आहे. हवेच्या संपर्कानें घाण जळून जाते, अशी लॉइड यांची समजूत होती. तें जाळण्याचें काम प्रत्यक्षांत कोण करतें, हें त्यांस ठाऊक नव्हतें.

माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत पाण्यांत उतरत असतो. त्यास रंग नाहीं आणि तो कोणत्याही फडक्यांत किंवा जाळींत अडकत नाहीं. निर्मळ पाण्यांत मासे मरतात ते बहुधा याच विषानें. त्याचा उलगडा मत्स्यालयांत झाला नाहीं. तो शहराच्या सांडपाण्यावरील प्रयोगांत झाला. १८७७ सालीं श्लोझिंग व म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं एक मीटर लांबीची कांचेची नळी वाळू व चुनखडीच्या भुकटीनें भरून तिच्यांतून सांडपाणी अगदीं मंदपणें झिरपत ठेवलें. वीस दिवस कांहींच बदल दिसला नाहीं. मग खालून येणाऱ्या पाण्यांत नायट्रेट दिसूं लागलें आणि पुढें अमोनिया नाहींसा झाला. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ही क्रिया थांबली. अर्थात् वाळूंत कोणी तरी जिवंत होतें.

या ठिकाणीं पुत्राचा प्रवेश होतो. त्याचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टनच. जन्म १८३८ चा. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत त्यानें या फ्रेंच प्रयोगाची पडताळणी केली आणि ही क्रिया दोन पायऱ्यांनीं होते, असें दाखविलें. अमोनियाचें प्रथम नायट्राइट होतें व नंतर नायट्रेट. यांपैकीं नायट्राइटही माशांस घातक आहे, कारण त्यामुळें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति नष्ट होते. हे जंतु वेगळे काढण्यांत मात्र त्यास यश आलें नाहीं. तें १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांनीं साधलें. पित्यानें आपल्या पात्रांत जो समतोल पाहिला, त्यांतील न दिसणारा तिसरा भागीदार पुत्राच्या पिढीस असा सांपडला. न्यूयॉर्क मत्स्यालयाचे जेम्स ॲट्झ यांनीं १९४९ सालीं केवळ वनस्पतींवर भिस्त ठेवण्याच्या समजुतीस भ्रम म्हटलें. दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जंतुही असतो, हें तर २०१५ सालीं उघडकीस आलें. आणि त्याचा एक वंश नेदरलँड्समध्यें मत्स्यपालनाच्या गाळणींतच मिळाला.

या इतिहासावरून मोठ्या हौदाची आखणी कशी करावी, हें स्पष्ट होतें. प्रथम जाड गाळणींत विष्ठा व उरलेलें अन्न अडवावें आणि तें वारंवार काढून टाकावें. मग निवळलेलें पाणी जंतूंच्या वस्तीकडे न्यावें. खडे, सच्छिद्र दगड अथवा तत्सम पदार्थ यांचा जितका पृष्ठभाग अधिक, तितकी ती वस्ती मोठी. एक ग्रॅम अमोनियारूप नत्राचें नायट्रेट होण्यास सुमारें साडेचार ग्रॅम प्राणवायु लागतो. ३० अंशांच्या पाण्यांत दर लिटरास प्राणवायु जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो; २० अंशांस तो नऊ मिलिग्रॅम असतो. म्हणून आपल्याकडील उष्ण हवेंत पाणी खेळतें राहण्याची चिंता अधिक वाहावी लागते. पंप तासन् तास बंद पडल्यास माशांबरोबर जंतुही गुदमरतात. तसेंच गाळणीची ही वस्ती नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें कधींही धुऊं नये. हौदांतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच खळबळावी. शेवटीं उरणारें नायट्रेट कांहीं अंशीं वनस्पति शोषून घेतात. बाकीच्यासाठीं पाण्याचा कांहीं भाग वेळोवेळीं बदलावा.

सर्वांत अवघड पडते ती वाट पाहणें. नवा हौद भरला, दिवे लागले, पाणी लखलखूं लागलें, कीं त्यांत मासे सोडण्याचा मोह आवरत नाहीं. परंतु जंतूंची वस्ती पुरेशी वाढण्यास सामान्यतः तीन ते सहा आठवडे लागतात. गाळणी आधीं चालू करून तींतील जंतूंस थोडा अमोनिया पुरवीत राहावें, पाण्याची परीक्षा करावी, आणि अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही नाहींशीं झाल्यावरच थोडे थोडे मासे आणावेत. पॅरिसच्या त्या नळीनें वीस दिवस मागितले होते. हौद केवढाही मोठा असो व पंप कितीही बलवान असो, तेवढा अवधि दिल्यावांचून आंतील जीव सुरक्षित राहत नाहींत.