अंतरपाटानंतरची ओळख

वराला 'स्थळ' म्हणण्याची आपली जुनी चाल मोठी अर्थपूर्ण आहे. कारण कुळ, वतन, नोकरी, पत्रिका यांची चौकशी वडीलधारी मंडळी दफ्तरी काटेकोरपणाने करीत, परंतु ज्याच्याबरोबर जन्म काढावयाचा तो मनुष्य कसा, हे विचारण्याची मुभा वधूला नसे, आणि अंतरपाट दूर होईपर्यंत त्याचे मुखदर्शनही तिला बहुधा घडत नसे. वराविषयीचे पहिले मत आणि त्या मताचा पालट हा जो ऐवज विलायती कादंबरीकार लग्नापूर्वीच खर्ची घालतात, तो आपल्याकडे लग्नानंतर, माजघर आणि माडी यांच्या दरम्यान, सावकाश जमा होई.

रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत याचा उत्तम दाखला आहे. १८७३ साली पुण्याचे सबजज्ज महादेव गोविंद रानडे यांची प्रथम पत्नी निवर्तली, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्यांत ते अग्रगण्य असल्यामुळे त्यांनी आता विधवेचेच पाणिग्रहण करावे अशी सुधारकांची अपेक्षा, आणि नेमकी त्याच गोष्टीची वडील गोविंदराव यांना धास्ती. तेव्हा सातारा प्रांतातील देवराष्ट्र्याचे कुर्लेकर मुलीसाठी स्थळ पाहत पुण्यास आले आहेत असे समजताच गोविंदरावांनी तजवीज करून टाकली. मुलगी, म्हणजेच पुढच्या रमाबाई, अकरा वर्षांची होती.

यानंतर जो प्रसंग घडला त्यासारखा गमतीचा आणि करुण प्रसंग आपल्या विवाहांच्या इतिहासात विरळा. मुलगी मागावयाची तिथे वरानेच आपल्या उणिवांची यादी वाचली! आपण सुधारक, दृष्टी आणि श्रवण दोन्ही अधू, शिवाय विलायतेस जाण्याचा विचार आणि परतल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही, असे त्यांनी कुर्लेकरांना बजावले. पण कुर्लेकर बधले नाहीत, कारण हे सारे गोविंदरावांनी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. पित्याची मर्जी मोडण्याचे धैर्य न झालेल्या या विद्वानाने लग्न केले आणि घरी येऊन खोलीचे दार लावून घेतले. सुधारकांनी लावलेला 'बोलका सुधारक' हा शिक्का, मला वाटते, अन्यायाचा नव्हता.

अशा अबोल, उद्विग्न वराविषयी त्या बालिकेचे पहिले मत काय झाले असेल? परंतु तिचे वडील गावी परतल्यावर रानड्यांनी तिला माडीवर बोलावले आणि आपले नाव तिला ठाऊक आहे काय, असे विचारले. पतीचे नाव उखाण्याच्या आडूनच घ्यावयाचे, त्या काळी हा प्रश्न साधा नव्हता. तिने नाव सांगितले. मग माहेरची चौकशी झाली, लिहिता-वाचता येते काय हे विचारून झाले, आणि येत नाही असे कळताच त्याच रात्री पाटी-पेन्सिल पुढे आली. पुढे १८७८ साली नाशिकला बदली झाल्यावर इंग्रजीचे धडे सुरू झाले. पुण्याच्या घरातील बायकांना हे शिकणे मुळीच रुचले नव्हते; त्यांची बोलणी दिवसभर खाली सोसावयाची आणि रात्री वर धडा म्हणून दाखवावयाचा, असा तिचा क्रम होता. त्या बोलण्यांपासून तिला सोडविण्यास मात्र न्यायाधीश महाशय फारसे पुढे आले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

ही ओळख कुठवर पोचली हे पाहावयाचे असेल तर १८८६ सालच्या कलकत्त्याकडे वळावे. सरकारी समितीच्या कामासाठी तेथे राहत असता रानडे बंगाली शिकू लागले. एके दिवशी आतल्या खोलीत असलेल्या रमाबाईंना बाहेर संभाषण चालल्यासारखे ऐकू आले; डोकावून पाहतात तो न्हावी हजामत करीत आहे, हातात बंगाली पुस्तक आहे, आणि अडलेल्या शब्दांचा उच्चार व अर्थ न्हावी सांगत आहे. पाटीवर अक्षरे गिरवून घेणाऱ्या गुरूला असा गुरू मिळालेला पाहून त्यांना हसू आवरेना, आणि न्हावी गेल्यावर त्यांनी पतीची यथेच्छ थट्टा केली.